गरोदरपणात अँटिबायोटिक : कोणतं चालतं, कोणतं टाळायचं आणि घेतलंच नाही तर काय होतं?

पावसाळ्यात रोह्याची कुंडलिका भरून वाहिली, पाणी ओसरलं, की एक गोळी चर्चेत येते : डॉक्सिसायक्लिन. पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून ती दिली जाते. मुंबईत पालिका दर पावसाळ्यात तशी सूचना काढते. पेणच्या खारेपाटात आणि रोह्याच्या खाचरांत गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्यांना तर या आजाराचा धोका शहरापेक्षा कमी नाही, कारण उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातले जंतू ओल्या मातीतून पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात.

घरात पाकीट येतं. सासरे घेतात, दीर घेतो, सासू घेते. आणि पाचव्या महिन्यातली सून?

तिनं ती गोळी घ्यायची नसते. पण म्हणून तिनं काहीच घ्यायचं नाही, असंही नसतं. गरोदर स्त्रीसाठी लेप्टोस्पायरोसिसवर ॲमॉक्सिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन हे पर्याय आहेत, आणि प्रतिबंधासाठी पालिकेच्या सूचनांत गरोदर महिलांकरिता ॲझिथ्रोमायसिनचा वेगळा उल्लेख असतो. म्हणजे आजार तोच, घर तेच, फक्त औषध बदलतं. घरी मात्र यातलं पहिलंच वाक्य पोहोचतं : ‘पोटुशी बाईनं अँटिबायोटिक घ्यायचं नाही.’ तेवढंच लक्षात ठेवल्यामुळे नुकसान होऊ शकतं. ते कसं, हे समजून घेऊ.

(सूचना : या लेखात औषधांची मात्रा मुद्दाम दिलेली नाही. ती डॉक्टरांनीच ठरवायची गोष्ट आहे.)

सगळ्यात नेहमीचं उदाहरण : लघवीची जळजळ

गरोदरपणात अँटिबायोटिकची गरज बहुतेकदा मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी पडते. याला शरीरातच कारण आहे. गरोदरपणातल्या हार्मोनमुळे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळ्या सैलावतात, वाढतं गर्भाशय त्यांच्यावर दाबही आणतं. लघवी साचून राहते, आणि जंतूंना वर मूत्रपिंडापर्यंत चढायला वाट मिळते. त्यात पाणी कमी पिणं आलं. पेण, हमरापूर, जोहे परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम असो की भट्टीवर विटा थापणं, स्वच्छतागृह जवळ नसेल तर बाई पाणीच कमी पिते. यात तिचा दोष नाही, पण परिणाम तिलाच भोगावा लागतो.

यातली फसवी गोष्ट म्हणजे काही जणींना जळजळ होतच नाही. १०० गरोदर स्त्रियांपैकी साधारण २ ते १० जणींच्या लघवीत कसलंही लक्षण नसताना जंतू असतात. गरोदर नसताना याकडे दुर्लक्ष केलं तरी बहुतेकदा चालतं. गरोदर असताना नाही. उपचार न केल्यास अशा स्त्रियांपैकी साधारण चौथ्या हिश्शात, काही पाहण्यांत त्याहूनही जास्त जणींत, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. मग थंडी वाजून ताप, कंबरेत एका बाजूला असह्य दुखणं, उलट्या, आणि कधी दिवस भरण्याआधीच कळा. म्हणून गरोदरपणाच्या सुरुवातीला लघवीची तपासणी, शक्य असेल तर कल्चर, करायला सांगतात. ‘मला काही त्रास नाही, मग कशाला?’ असं म्हणून ही तपासणी टाळू नका.

थोडक्यात, गोळी न घेण्यालाही धोका असतो. ‘औषध की काहीच नाही’ अशी तुलनाच चुकीची आहे. तुलना करायची ती औषधाची आणि उपचार न झालेल्या संसर्गाची.

याचं सर्वात ठळक उदाहरण सिफिलीस. नोंदणीच्या वेळी रक्ताच्या तपासण्यांमध्ये ‘व्हीडीआरएल’ असं लिहिलेलं असतं, ती यासाठीच. उपचार न झालेल्या गरोदर मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या बाबतीत मृतजन्म, अकाली प्रसूती किंवा बाळाला संसर्ग असं काहीतरी घडतं. त्यावर पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे. इथे अँटिबायोटिक बाळाला इजा करत नाही, बाळाला वाचवतं.

अर्धी गोळी घेतली तर?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा नेहमी असतो. बाळाला त्रास नको म्हणून ‘अर्धीच घेते’, किंवा ‘दोन दिवसांत बरं वाटलं, बंद केली’. हेतू चांगला, पण गणित उलटं आहे.

गरोदरपणात शरीरातलं रक्तद्रव जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. मूत्रपिंडही साधारण दीडपट वेगानं रक्त गाळतं. टाकी मोठी झाली आणि खालचा नळही जास्त उघडला, असं समजा. तेवढीच गोळी टाकली तरी ॲमॉक्सिसिलिनसारख्या औषधाचं रक्तातलं प्रमाण एरवीपेक्षा कमी भरतं. त्यात अर्धी गोळी म्हणजे अर्ध्याहूनही कमी असर. जंतू मरत नाहीत, चिवट होतात, आणि बाळापर्यंत औषध पोहोचायचं ते पोहोचतंच. बहुतेक अँटिबायोटिक्स कमी-अधिक प्रमाणात वार ओलांडतात. म्हणजे अर्ध्या गोळीत औषधाचा संपर्क होतो, फायदा मात्र पदरात पडत नाही.

मग कोणतं चालतं?

सर्वाधिक भरवशाचा गट पेनिसिलिनचा : ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन वगैरे. भरवसा यासाठी की ही औषधं जुनी आहेत, आणि कोट्यवधी गरोदर स्त्रियांनी ती घेतलेली आहेत. (आपल्याच पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ मध्येच पेनिसिलिन बनायला लागलं होतं, यावरून त्याच्या वयाचा अंदाज येईल.) सेफिक्सिम, सेफॅलेक्सिन, सेफ्ट्रियाक्झोन ही सेफॅलोस्पोरिन गटातली औषधंही याच रांगेत. अर्थात पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायचं.

आता टाळायची औषधं. इथे ‘कधी’ हा प्रश्न ‘कोणतं’ इतकाच महत्त्वाचा आहे, कारण बाळाचे अवयव एकाच वेळी बनत नाहीत. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत बंद होते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेक जणींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. हृदय, हातपाय, चेहरा यांची मुख्य घडण पहिल्या तीन महिन्यांत होते. दातांची मात्र चौथ्या महिन्यापासून पुढे.

टेट्रासायक्लिन गट दातांच्या आणि हाडांच्या कॅल्शियमला चिकटतो. म्हणून चौथ्या महिन्यानंतर घेतल्यास बाळाचे दुधाचे दात पिवळे-तपकिरी येऊ शकतात. हा पुरावा प्रामुख्याने जुन्या टेट्रासायक्लिनचा आहे. डॉक्सिसायक्लिनबाबत तो बराच कमकुवत आहे. तरीही चांगला पर्याय हाताशी असताना डॉक्सिसायक्लिन का द्यावं, हा साधा विचार आहे. आईच्या जिवावर बेतलेला एखादा आजार असेल तर डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात.

स्ट्रेप्टोमायसिनचा धोका मात्र स्पष्ट आहे. क्षयरोगावर दिलं जाणारं हे इंजेक्शन गर्भाच्या कानाच्या नसेला इजा करू शकतं, मूल बहिरं जन्मू शकतं. पण यावरून ‘गरोदरपणात टीबीची औषधं बंद’ असा निष्कर्ष काढणं भयंकर आहे. नेहमीच्या पहिल्या फळीच्या गोळ्या गरोदरपणातही दिल्या जातात. उपचार न झालेला क्षयरोग आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो.

ट्रायमेथोप्रिम हे औषध को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळीत सल्फाबरोबर असतं. ते शरीरातल्या फॉलिक ॲसिडच्या कामात आडवं येतं, म्हणजे ज्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आशाताई सुरुवातीपासून घ्यायला सांगतात, नेमक्या त्याच्याच विरुद्ध. म्हणून पहिल्या तिमाहीत ते टाळतात. त्यातला सल्फा घटक शेवटच्या आठवड्यांत टाळतात, कारण नवजात बाळाची कावीळ वाढू शकते. लघवीच्या संसर्गावर चांगलं चालणारं नायट्रोफ्युरँटॉइनही प्रसूती जवळ आली की थांबवतात. त्यामुळे ‘मागच्या महिन्यात डॉक्टरांनीच दिली होती’ म्हणून तीच गोळी नवव्या महिन्यात स्वतःहून पुन्हा घेणं योग्य नाही.

आणि जुलाबावरच्या गोळ्या. पोट बिघडलं की मेडिकलमध्ये ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी सहज मागितली जाते, सहज मिळतेही. ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटानं प्राण्यांच्या पिल्लांमध्ये सांध्यांच्या कूर्चेला इजा झाल्याचं दिसलं होतं. माणसांमध्ये मोठ्या जन्मदोषांशी ठोस संबंध सिद्ध झालेला नाही, तरीही पर्याय असताना गरोदरपणात हा गट देत नाहीत. शिवाय साध्या जुलाबांना बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही. ओआरएस लागतं.

बातमीतला ‘धोका वाढला’ म्हणजे नेमका किती?

२०२० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ब्रिटनमधल्या एक लाखाहून अधिक मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास आला. पहिल्या तिमाहीत मॅक्रोलाइड गटातली औषधं (ॲझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन) घेतलेल्या मातांच्या दर १००० बाळांमागे सुमारे २८ बाळांत मोठा जन्मदोष आढळला. पेनिसिलिन घेतलेल्यांत हे प्रमाण १००० मागे सुमारे १८ होतं.

याची हेडलाइन दोन प्रकारे करता येते. ‘जन्मदोषांचा धोका ५५ टक्क्यांनी वाढतो’ किंवा ‘१००० पैकी १० बाळांचा फरक’. दोन्ही खरं. पहिल्या हेडलाइनवर क्लिक जास्त येतात, हे या डेस्कवर बसून मी नाकारणार नाही. पण सोनोग्राफीच्या रांगेत बसलेल्या बाईला दुसरा आकडा कळायला हवा. कुठलंही औषध न घेता होणाऱ्या बाळंतपणांतही १०० बाळांमागे २ ते ३ बाळांत मोठा जन्मदोष असतो, हेही सोबत सांगायला हवं. शिवाय इतर काही अभ्यासांत मॅक्रोलाइडबाबत असा फरक दिसलेला नाही. व्यवहारात याचा अर्थ इतकाच : पहिल्या तीन महिन्यांत पेनिसिलिन चालत असेल तर आधी तेच, ॲझिथ्रोमायसिन गरज असेल तर. ‘तीन दिवसांचा सोपा कोर्स’ म्हणून सर्दी-खोकल्यावर ते घेणं यात बसत नाही. सर्दी विषाणूची असते, तिच्यावर हे औषध चालतच नाही.

नागपूर, बेळगाव आणि एक डोस

गरोदर स्त्रियांना औषधांच्या चाचण्यांतून सहसा वगळलं जातं. त्यामुळे पाकिटातल्या कागदावर ‘पुरेशी माहिती नाही, डॉक्टरांचा सल्ला घ्या’ असं मोघम वाक्य येतं. इंटरनेटवर अजूनही फिरणारी ए, बी, सी, डी, एक्स ही अमेरिकी वर्गवारी तर त्यांच्याच औषध प्रशासनानं २०१५ पासून मोडीत काढायला घेतली, कारण एका अक्षरात ‘कधी, किती, कशासाठी’ मावत नव्हतं. ‘कॅटेगरी बी आहे म्हणजे सेफ’ हे उत्तर म्हणूनच जुनं झालं.

अशा परिस्थितीत आपल्या भागाचा सहभाग असलेली एक मोठी चाचणी महत्त्वाची ठरते. सात देशांत झालेल्या ‘ए-प्लस’ चाचणीत २९ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि भारतातली केंद्रं होती नागपूर आणि बेळगाव. नैसर्गिक प्रसूतीसाठी कळा सुरू झालेल्या स्त्रियांपैकी निम्म्यांना ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस दिला, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधाविना गोळी. २०२३ मध्ये निकाल जाहीर झाले : आईला जंतुदोष पसरण्याचं किंवा मृत्यूचं एकत्रित प्रमाण औषध घेतलेल्यांत १.६ टक्के, न घेतलेल्यांत २.४ टक्के. बाळांच्या बाबतीत मात्र फरक पडला नाही, फायदाही नाही आणि तोटाही नाही. एकाच औषधाबद्दल पहिल्या तिमाहीत सावधगिरी, आणि कळा सुरू झाल्यावर आईला फायदा.

याची दुसरी बाजू ब्रिटनमधल्या ‘ओरॅकल’ चाचण्यांत दिसली. मुदतीआधी पिशवी फुटलेल्या स्त्रियांना एरिथ्रोमायसिन दिल्याचा बाळांना उपयोग झाला. त्याच गटात ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिड दिलेल्यांच्या बाळांत मात्र आतड्याचा एक गंभीर आजार अधिक आढळला. ज्यांची पिशवी फुटलेली नव्हती, संसर्गाची खूण नव्हती, फक्त कळा लवकर आल्या होत्या, अशा स्त्रियांना अँटिबायोटिक देऊन काहीच साधलं नाही. उलट त्या मुलांची सात वर्षांनी पाहणी केली तेव्हा, २००८ मध्ये, सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण औषध दिलेल्यांत जास्त निघालं. ‘असू दे, देऊन ठेवू, नुकसान तर नाही’ ही सवय डॉक्टरांनाही असते, आणि तिचं नुकसान होऊ शकतं. चिठ्ठीवर अँटिबायोटिक दिसलं तर ‘हे नेमकं कशासाठी?’ असं विचारायला लाजू नका.

पुढे मुलाला दमा होतो का?

व्हॉट्सॲपवर फिरणारा हा दावा हवेतून आलेला नाही. स्वीडनमध्ये सुमारे पाच लाख मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, गरोदरपणी अँटिबायोटिक घेतलेल्या मातांच्या मुलांत दमा जास्त दिसला. पण संशोधकांनी पुढे सख्ख्या भावंडांची तुलना केली : एका बाळाच्या वेळी औषध घेतलं, दुसऱ्याच्या वेळी नाही. तेव्हा तो फरक नाहीसा झाला. म्हणजे कारण औषध नसून घर, हवा, अनुवंश असं काहीतरी असण्याची शक्यता जास्त. हा अभ्यास २०१४ चा आहे.

पेण-रोह्यात प्रत्यक्ष काय करायचं?

पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. अनेक अँटिबायोटिक्स २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. ती विकताना मेडिकलवाल्यानं रुग्णाचं, डॉक्टरांचं आणि औषधाचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती नोंद तीन वर्षं जपायची असते. नियम असा आहे. काउंटरवर काय होतं ते तुम्ही पाहताच. निदान एवढं करा : कुठल्याही मेडिकलमध्ये किंवा दवाखान्यात गोळी घेताना ‘मला इतके महिने झालेत’ हे आपणहून सांगा. चौथ्या महिन्यापर्यंत पोट दिसत नाही, समोरच्याला कळायला मार्ग नसतो. दिवस गेलेले असण्याची नुसती शंका असली तरी सांगा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’त गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे. लघवीचा प्रश्न, चालू असलेल्या गोळ्या, आधीच्या ॲलर्जी, सगळं तिथे काढा. थंडी वाजून ताप, कंबरेतलं दुखणं, पाणी जाणं, असं असेल तर मात्र ९ तारखेची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सर्वात अवघड जागा स्थलांतराची आहे. दोन्ही तालुक्यांतली कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर, कोळसा पाडायला बाहेरगावी जातात आणि पुढच्या पावसाआधी परततात. नोंदणी इथल्या उपकेंद्रात, आजारपण दुसऱ्याच जिल्ह्यात, आणि तिथल्या डॉक्टरसमोर कोरी पाटी. अशा वेळी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असणं हाच तिच्या आजवरच्या तपासण्यांचा एकमेव पुरावा असतो. कार्ड भिजतं, फाटतं, घरी राहतं. म्हणून घरात कुणाकडेही स्मार्टफोन असेल तर निघण्यापूर्वी कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

आधीच गोळी घेऊन झाली असेल तर?

दिवस गेल्याचं कळण्याआधी सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन किंवा आणखी काही घेतलं गेलं, हे फार जणींच्या बाबतीत होतं. मग रात्र रात्र झोप लागत नाही, कुणीतरी ‘पाडून टाक’ असंही सुचवतं. अशा एखाद्या कोर्समुळे गर्भपात करायलाच हवा, असं वैद्यकशास्त्र सांगत नाही. मुद्दाम सांगण्यासारखं म्हणजे, डॉक्सिसायक्लिनचा दातांशी जोडलेला धोका त्या सुरुवातीच्या आठवड्यांत नसतो, कारण तोवर दात घडायला लागलेले नसतात. घाबरून चालू कोर्स परस्पर बंद करण्याऐवजी डॉक्टरांना फोन करा. संसर्ग अजून असेल तर ते औषध बदलून देतील. फॉलिक ॲसिड चालू ठेवा, आणि १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीच्या वेळी हा मुद्दा डॉक्टरांच्या कानावर घाला.

रिकामं पाकीट फेकू नका. त्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, औषधाचं नाव वाचता येईल असा, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत किती गोळ्या घेतल्या ते त्याखाली लिहा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील.